अभिहस्तांतरणाविना सोसायटीची मालकी अपुरीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सदनिकेच्या कराराची नोंदणी झाली, कर्ज फिटले आणि भागपत्रावर नाव चढले की घर पूर्णपणे आपल्या मालकीचे झाले, असा आपल्याकडील बहुतेक सदनिकाधारकांचा समज असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील मालकीची घडण मात्र वेगळी आहे. तेथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे असणे अपेक्षित असते. सभासदाकडे संस्थेचे भाग असतात, आणि सदनिकेचा ताबा, वापर व उपविधींच्या अधीन राहून ती विकण्याचा हक्क त्या भागांशी जोडलेला असतो. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीत प्रत्येक मालकाला जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. सोसायटीत तो थेट मिळत नाही. म्हणून संस्थेचीच मालकी अपुरी असेल, तर सभासदाचा हक्कही तेवढाच कच्चा राहतो.

नेमकी येथेच अनेक संस्थांची स्थिती काळजी वाटावी अशी आहे. मोफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1963 च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांच्या आत विकासकाने जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे नोंदणीकृत दस्ताने मालकी संस्थेच्या नावे, करून द्यायचे असते. प्रत्यक्षात कित्येक जुन्या इमारतींच्या मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) आजही मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. रहिवासी देखभाल खर्च भरतात, मालमत्ता कर भरतात, दुरुस्ती निधी साठवतात, पण इमारत मोडकळीला येऊन पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की वाढीव चटई क्षेत्रावर, म्हणजे जादा बांधता येणाऱ्या क्षेत्रफळावर, विकासक किंवा जमीनमालकाचे वारस हक्क सांगू लागतात. वर्षानुवर्षे पदरमोड करून इमारत टिकवणाऱ्यांनी अशा वेळी दुसऱ्याच्या सहीसाठी खेटे घालावेत, हे मला अन्यायाचे वाटते.

यावर उपाय आहे. मोफात 2008 साली झालेल्या दुरुस्तीमुळे मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद प्रभावी झाली. विकासक सही देत नसेल, तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. ते सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतात आणि त्याआधारे दस्ताची एकतर्फी नोंदणी होते. सभासदांनी आपापल्या करारांवर भरलेले मुद्रांक शुल्क त्या वेळी हिशेबात धरले जाते, त्यामुळे खर्चाची जी धास्ती सर्वसाधारण सभेत बोलून दाखवली जाते, ती बऱ्याचदा अवाजवी असते. दस्त नोंदला तरी काम संपत नाही, कारण मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर संस्थेचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावाच लागतो. पुष्कळ समित्या नेमक्या याच टप्प्यावर थांबतात.

माझी सहकार खात्याला विनंती आहे, की लेखापरीक्षकांनी वार्षिक अहवालात अभिहस्तांतरण झाले की नाही, याचा स्पष्ट शेरा लिहिणे बंधनकारक करावे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेतही तो विषय दरवर्षी असावा. आज तो पुनर्विकासाचा प्रस्ताव येईपर्यंत कोणी काढत नाही, आणि तोवर मूळ खरेदीदारांपैकी अनेकजण सदनिका विकून गेलेले असतात, त्यांचे करार आणि सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) प्रती शोधण्यातच महिने जातात. ज्या संस्थांनी अजून अर्ज केलेला नाही, त्यांनी निदान ही कागदपत्रे प्रत्येक सभासदाकडून आताच मागवून एकत्र ठेवावीत.

आपली विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद