सही करण्याआधी

गिरगाव, मुंबई

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

आठ दिवसांत घर रिकामे केले नाही तर सामान जिन्यात काढून ठेवीन, असे घरमालक म्हणाल्याचे तू काल फोनवर हसत सांगितलेस. पण तुझे ते हसणे मी ओळखतो. म्हणून आधी एकच लिहितो : तो पुढे करील त्या कागदावर सही करू नकोस.

तुझा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा, करार नोंदणीकृत आहे आणि त्याची मुदत अजून संपलेली नाही. त्यात नोटिशीबद्दल काय लिहिले आहे ते शांतपणे वाच. मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो. स्वतः कुलूप फोडायचे नसते. मात्र मुदतीनंतर तू तिथे रेंगाळू नकोस, कारण मग करारातल्या भाड्याच्या दुपटीने नुकसानभरपाई भरावी लागते, आणि समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचेच म्हणणे मान्य धरले जाते.

आपल्या पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोलीची गोष्ट वेगळी होती. चाळमालक भाडे घेईना, तेव्हा अण्णा दरमहा मनीऑर्डर करीत आणि नकाराचा शेरा मारून परत आलेली प्रत्येक मनीऑर्डर, भाडे देऊ केल्याचा पुरावा म्हणून, पत्र्याच्या डब्यात जपून ठेवीत. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात तारीख असली की तू बाहेरच्या बाकावर बसून पाढे म्हणायचीस, आणि सतराच्या पाढ्याला अडलीस की आमचे वकील हळूच सांगायचे. मालकाला खरोखर गरज असली तरी अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालयाला तेव्हाही पाहावे लागे. भाडेकरूचे ते संरक्षण तुझ्या कराराला नाही, म्हणून अण्णांच्या हिमतीचा दाखला तुला देणार नव्हतो. लिहिता लिहिता दिलाच.

सहीबद्दल पुन्हा सांगतो, कारण भीती तिचीच आहे. संमतीविना आणि कायद्याचा मार्ग सोडून कोणाचा ताबा काढला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो. लायसन्सवर राहणाऱ्याला त्याचा लाभ कितपत मिळतो, ते वकिलाला विचार. पण ‘स्वखुशीने ताबा दिला’ असे एकदा लिहून दिलेस, की विचारण्यासारखे फारसे उरणार नाही. धमकी पुन्हा आली तर पोलीस चौकीत लेखी तक्रार दे आणि पोच घे.

उपदेश लांबला, रागावू नकोस. ऑफिसात चाळीस माणसांना सांभाळणाऱ्या मुलीला हे सांगावे लागत नाही, हे तुझी आई मला सकाळपासून ऐकवते आहे, आणि तिचे खरेही आहे. तरी कराराची सगळी पाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मागच्या वेळेसारखी धूसर नकोत, मला कलमे वाचायची आहेत. रविवारी आम्ही दोघे पुण्याला येतो.

तुझा,
बाबा

ता. क. किल्लीही अशीच देऊ नकोस. घर सोडायच्या दिवशी अनामत रक्कम बँकेत जमा झाल्याचे पाहा, आणि मगच ती त्याच्या हातात ठेव.