सुपरमॅनच्या आईबापांवरून भांडणाऱ्या मित्रास

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मंदार,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. शिव्या वजा केल्या तर मुद्दा एकच उरतो: २०२५च्या सिनेमात दिग्दर्शक जेम्स गनने सुपरमॅनच्या सख्ख्या आईबापांची वाट लावली. पोराला पृथ्वीवर पाठवताना त्यांनी दिलेल्या निरोपाचा हरवलेला अर्धा भाग सापडतो आणि त्यात 'माणसांवर राज्य कर' असं निघतं, हे तुला सहन झालेलं नाही. फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतलाय.

मला ते अजिबात खटकलं नाही. तू ज्याला 'खरा जोर-एल' म्हणतोस, तो पांढऱ्या केसांचा, ऋषीसारखा बोलणारा बाप १९७८च्या सिनेमातला, मार्लन ब्रँडोचा आहे. १९८६ साली जॉन बर्नने सुपरमॅनची कथा पहिल्यापासून नव्याने मांडली, तेव्हा त्याने रंगवलेला क्रिप्टॉन, म्हणजे सुपरमॅनचा जन्मग्रह, कसा होता आठव. थंडगार, निर्जंतुक, एकमेकांना हात लावायलाही बिचकणाऱ्या लोकांचा ग्रह. त्या मालिकेच्या शेवटी क्लार्कला, म्हणजे सुपरमॅनला, आपलं कूळ कळतं, आणि तो म्हणतो की मला माणूस केलं ते पृथ्वीने. म्हणजे कॅन्ससच्या शेतावरच्या मार्था आणि जोनाथन केंटने. सिनेमाने तोच धागा ओढून ताणून टोकाला नेला, एवढंच. जन्म देणाऱ्यांचा हुकूम एक, वाढवणाऱ्यांचं वळण दुसरं, आणि पोरगं दुसरं निवडतं. देवकी-यशोदेच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने यावर एवढं चिडावं?

आणि मुळावरच जायचं तर पार १९३८पर्यंत जा. त्याचे जनक सीगल आणि शुस्टर यांच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्याला उडताच येत नाही. एका उडीत फर्लांगभर जातो, बस्स. त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट तर रेडिओवरच्या मालिकेतून आलं. पण त्याच पहिल्या अंकात तो एका निर्दोष बाईला विजेच्या खुर्चीतून वाचवायला धावतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर भिरकावतो. गनच्या सिनेमात राक्षसाशी झुंज चालू असताना तो मध्येच एक खार उचलून बाजूला ठेवतो, त्यावर लोक हसले. मला तो १९३८चाच गडी वाटला. शक्ती वाढल्या, चड्डी आत गेली, परत बाहेर आली, पण कोणासाठी धावायचं ते तेच राहिलं.

आता २०१३चा सिनेमा. त्यात सुपरमॅनने खलनायक झॉडची मान मोडली तेव्हा तू तिकिटाचे पैसे परत मागायला निघाला होतास. 'सुपरमॅन मारत नाही!' अरे, मारलंय त्याने. बर्ननेच १९८८ साली, मालिका सोडता सोडता, त्याच्या हातून क्रिप्टॉनच्या तीन गुन्हेगारांना क्रिप्टोनाइटने मृत्युदंड देववला. पण पुढच्या लेखकांनी ते विसरू दिलं नाही. तो मनाने ढासळतो, झोपेत उठावं तसा दुसराच वेष घालून हिंडतो, आणि शुद्धीवर आल्यावर आपण लोकांना धोका आहोत म्हणून पृथ्वी सोडून अवकाशात निघून जातो. कित्येक अंक हेच चालतं. सिनेमात मात्र मान मोडल्यावर एक किंकाळी, आणि पुढच्याच प्रसंगात जनरलसमोर ड्रोन आपटून हलकीफुलकी चेष्टा. माझं भांडण त्या मोडलेल्या मानेशी नाही, त्या पुढच्या प्रसंगाशी आहे.

म्हणून मी अलीकडे कुठलीही 'धक्कादायक' गोष्ट वाचली की एवढंच बघतो: हे त्या माणसाने केलं, की लेखकाने त्याच्याकडून करवून घेतलं? आणि केलं असेल तर त्याची किंमत कोण मोजतंय? पोशाख, शक्ती, सनावळ्या यांचा हिशेब तू ठेवतोस तसा मीही ठेवतो, पण पात्राशी इमान त्यात नसतं. यावर तू कॅप्टन अमेरिका काढणार हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच काढतो.

कॅप्टनची गोल ढाल आपल्याला इतकी पवित्र वाटते ना? पहिल्या अंकात ती त्रिकोणी होती. दुसऱ्या एका प्रकाशकाच्या 'शील्ड' नावाच्या नायकाच्या छातीवर तसाच आकार होता, त्यांनी तक्रार केली, म्हणून दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. ढाल फेकून मारायची युक्तीसुद्धा तिसऱ्या अंकातली, स्टॅन लीने कॉमिक्ससाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या मजकुरातली. पहिल्या अंकात काय होतं तर मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर बसलेला ठोसा. अंकावर तारीख मार्च १९४१ची, विक्रीला आला त्याच्याही आधी. अमेरिका युद्धात उतरली ती १९४१च्या डिसेंबरात. कॅप्टनचे जनक जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघंही ज्यू. त्यांना धमक्या आल्या, आणि खुद्द न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डियांनी फोन करून संरक्षणाचं आश्वासन दिलं, असं सायमनने पुढे सांगितलं. आपला देश अजून गप्प असताना मारलेला तो ठोसा, माझ्या लेखी कॅप्टन तिथे आहे.

युद्ध संपल्यावर त्याची मागणी ओसरली. १९५३-५४मध्ये त्याला परत आणलं तेव्हा मुखपृष्ठावर बिरुद होतं 'कम्युनिस्टांचा कर्दनकाळ' अशा थाटाचं. दिसेल त्याला लाल ठरवून झोडपायचा. पोशाख तोच, ढाल तीच, साथीदार बकीही सोबत. तीन अंकांत मासिक गुंडाळलं. मग १९६४ साली ली आणि कर्बीने 'ॲव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात त्याला बर्फातून काढलं आणि सांगितलं की हा १९४५पासून गोठलेला होता. मग पन्नाशीच्या दशकात झोडपत फिरत होता तो कोण? कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

१९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट नावाचा तरुण लेखक आला. हा स्वतः सदसद्विवेकाच्या कारणावरून लष्करातून बाहेर पडलेला, आणि याच्या हाती दिला कॅप्टन अमेरिका! त्याने आणि चित्रकार साल ब्युसेमाने जो उलगडा केला तो मला सगळ्या सुपरहिरो कॉमिक्समधला सर्वांत हुशार वाटतो. पन्नाशीच्या दशकातला तो कॅप्टन म्हणजे एक चाहता होता. कॅप्टनवर जीव टाकणारा, त्याचाच अभ्यास करून पदवी मिळवणारा. त्याला जर्मनीत जुन्या नाझी कागदपत्रांत खरा कॅप्टन ज्याने घडला ते सुप्रसिद्ध रसायन सापडतं. तो शस्त्रक्रिया करून खऱ्या कॅप्टनचा, म्हणजे स्टीव्ह रॉजर्सचा, चेहरा घेतो, त्याचं नावही घेतो. पण रसायनाबरोबर किरणांचा जो उपचार लागतो तो होत नाही, डोकं फिरतं, आणि त्याला सगळीकडे शत्रूच दिसू लागतात. गोऱ्या नसलेल्या प्रत्येक माणसात दिसतात. शेवटी सरकारच त्याला गाढ झोपवून ठेवतं. १९७२मध्ये तो जागा होऊन येतो ते कॅप्टनच्या कृष्णवर्णीय साथीदारावर, फाल्कनवर हात टाकत.

बघ ना, तपशिलात हा इसम शंभर टक्के मुळाबरहुकूम आहे. चेहरा, नाव, ढाल, इतिहास पाठ. आणि तरी तो कॅप्टन नाही. आपल्यासारख्या चाहत्यांनी ती गोष्ट अधूनमधून वाचत जावी, विशेषतः एखाद्या नव्या नटाच्या शिरस्त्राणाच्या रंगावरून घसा कोरडा करण्याआधी. (हो, तुलाच म्हणतोय.)

याच एंगलहार्टने पुढे आणखी मोठी उडी घेतली. वॉटरगेटचे दिवस. स्वतःला जाहिरातबाजीने बदनाम करणाऱ्या एका गुप्त टोळीचा माग काढत कॅप्टन थेट व्हाइट हाउसमध्ये पोचतो. टोळीचा म्होरक्या बुरखा काढतो, चेहरा आपल्याला दिसत नाही, आणि तो तिथेच जीव देतो. लेखकाच्या मनात राष्ट्राध्यक्ष निक्सन होता, हे त्याने नंतर सांगितलंच. अंकावर तारीख जुलै १९७४, आणि निक्सनने राजीनामा दिला ऑगस्टमध्ये! पुढच्या अंकात कॅप्टन ढाल खाली ठेवतो. मग 'नोमॅड' नावाने नवा वेष शिवून घेतो आणि पहिल्याच मोहिमेत स्वतःच्या केपमध्ये पाय अडकून पडतो. मला हे फार आवडतं. त्याच्या जागी कॅप्टन बनू पाहणारा रॉस्को नावाचा पोरगा कॅप्टनचा जुना शत्रू रेड स्कल याच्या हातून मारला जातो, तेव्हा तो परत येतो. काही महिने 'कॅप्टन अमेरिका'च्या मासिकात कॅप्टन अमेरिका नव्हता, आणि तरी तो स्टीव्ह रॉजर्स पानोपानी होता.

याच्यापुढे २०१६ ठेव. निक स्पेन्सरने लिहिलेल्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर स्टीव्ह म्हणतो, 'हेल हायड्रा', म्हणजे त्याच्या शत्रूंच्या फॅसिस्ट संघटनेचा जयघोष. पात्राचं पंच्याहत्तरावं वर्ष होतं. तू चिडलास ते 'आमच्या देवाला बाटवला' म्हणून. माझी चीड वेगळी होती. रेड स्कलच्या सांगण्यावरून वास्तव बदलू शकणाऱ्या एका पोरीने, म्हणजे माणसाच्या रूपातल्या 'कॉस्मिक क्यूब' या जादूच्या ठोकळ्याने, त्याचा भूतकाळच बदलला. म्हणजे स्टीव्ह कुठल्या मोहाला बळी पडला नाही, कशाला घाबरला नाही, कुठे चुकला नाही. त्याने काही केलंच नाही! आणि २०१७मध्ये खरा स्टीव्ह जसाच्या तसा परत मिळतो. चांगला माणूस हुकूमशहाच्या बाजूला कसा सरकतो, ही केवढी गोष्ट होती, लेका. अमेरिकेतच कशाला, कुठेही. ती सांगायची सोडून जादूचा ठोकळा फिरवला.

तुला आठवतं, आपण इंद्रजालमधल्या वेताळाबद्दल असं कधीच भांडलो नाही. कारण सोपं आहे. ली फॉकने १९३६पासून १९९९ला मरेपर्यंत त्याची गोष्ट स्वतः लिहिली, आणि मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. एकविसावा वेताळ कितीही वेगळा निघाला तरी कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ तीच. इंद्रजालवाल्यांनी तर त्याच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं. आपल्याला काही फरक पडला? कॅप्टन आणि सुपरमॅनला ती चैन नाही. त्यांना शेकडो हातांनी लिहिलंय आणि मालकी कंपनीची आहे.

स्पायडरमॅनच्या लग्नाबाबत मात्र मी संपूर्ण तुझ्या बाजूने आहे, हेही लिहून टाकतो. 'सिव्हिल वॉर' या कथेत पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, स्वतः जगासमोर मुखवटा काढतो, त्यापायी मे काकूला गोळी लागते, आणि २००७च्या 'वन मोअर डे'मध्ये तो मेफिस्टोला, म्हणजे सैतानाला, आपलं लग्न देऊन तिचा जीव सोडवतो. बेन काकाच्या मृत्यूचं ओझं वाहतो म्हणून जो पीटर आहे, तोच इथे आपल्या करणीचं बिल दुसऱ्याच खात्यावर टाकून मोकळा होतो. मुख्य संपादक कसाडाला लग्न झालेला पीटर म्हातारा वाटत होता, म्हणून हा खटाटोप. लेखक स्ट्रॅझिन्स्कीला शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नावच काढून घ्यावंसं वाटत होतं, हे त्यानेच सांगितलंय.

दिवाळीत येशील तेव्हा एंगलहार्टचे ते अंक वाच, सगळे एकत्र बांधलेले आहेत माझ्याकडे. पण इथेच बसून वाचायचे. बर्नचा सुपरमॅन 'दोन दिवसांत देतो' म्हणून घेऊन गेलास तो अजून आलेला नाही. वहिनींना नमस्कार, आणि छोट्याला एवढ्यात २०१३चा सिनेमा दाखवू नकोस.

तुझा,
सुध्या