रामकुंडाच्या पाण्याचा आकडा किती वाजताचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाची तयारी सुरू झाली तसा नाशिकच्या रामकुंडात गोदावरीचे पाणी स्नानायोग्य आहे की नाही, हा वादही पुन्हा सुरू झाला आहे. एक जण अहवालातला आकडा पुढे करतो, दुसरा फेसाचा फोटो. दोन्ही खरे असू शकतात, कारण नदीचे पाणी मोघम ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ कधीच नसते. कशासाठी, कुठे आणि किती वाजता, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. पाणी तपासणीच्या कामातल्या आम्हा काही जणांना या तीन प्रश्नांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी ‘कशासाठी’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानाचे पाणी ‘बी’ वर्गात येते आणि मासे व जलचरांचे पाणी ‘डी’ वर्गात. स्नानासाठी २००० साली ठरलेल्या निकषांप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म (मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू) ५०० पर्यंत असावेत, कमाल २५०० चालतात. मलजन्य स्ट्रेप्टोकोकाय (तसेच दुसरे जिवाणू) १०० पर्यंत, कमाल ५००. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, तीन दिवसांची बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) २७ अंशांवर ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५. माशांच्या ‘डी’ वर्गात मात्र जिवाणूंचा उल्लेखच नाही. तिथे ऑक्सिजन किमान ४, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम आणि तोच सामू. माणसाला मैल्यातल्या जंतूंची भीती, माशाला गुदमरण्याची आणि अमोनियाची. म्हणून एकाच ठिकाणचे पाणी माशांना चालणारे आणि माणसाला अपायकारक असू शकते. ‘मासे दिसतात म्हणजे पाणी शुद्ध’ हे तर सोडूनच द्यावे. तिलापिया घाण पाण्यात तग धरतो आणि आफ्रिकन मागूर हवेतूनही श्वास घेतो.

स्नानाच्या तपासणीत सर्वात जास्त चुका जिवाणूंच्या नमुन्यात होतात, म्हणून ती पद्धत नीट सांगतो. बाटली निर्जंतुक केलेली हवी आणि ती नदीत खळखळून घ्यायची नाही. एरवी रासायनिक नमुन्याची बाटली तीनदा विसळतात, त्या सवयीने हीसुद्धा विसळली जाते आणि नमुना तिथेच बिघडतो. पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर, तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून, लोक जिथे उभे राहून डुबकी मारतात तिथलेच पाणी घ्यावे. वर दोनअडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे प्रयोगशाळेत बाटली हलवून पाणी नीट मिसळता येते. बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत चाचणी लावावी. उन्हात गाडीच्या डिकीत चार तास पडलेल्या नमुन्यात नदीतली नव्हे, डिकीतली संख्या मिळते.

पाण्यात क्लोरीन असण्याची शक्यता असेल, म्हणजे मलशुद्धीकरण केंद्राच्या निचऱ्याखाली किंवा पर्वणीच्या सुमारास जंतुनाशक टाकलेल्या कुंडात, तर बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट असायलाच हवे. ते नसेल तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहते आणि कागदावर पाणी स्वच्छ उतरते. बीओडीचेही तसेच. क्लोरीन काढून टाकले नाही आणि जिवाणूंचे बीज घातले नाही, तर बाटलीत ऑक्सिजन खाणारे कोणी उरतच नाही आणि बीओडी खोटी कमी येते.

दुसरी गोष्ट गाळाची. मलजन्य जिवाणू मोठ्या प्रमाणात तळाच्या गाळात बसतात आणि तिथे वरच्या पाण्यापेक्षा जास्त काळ जगतात. पहाटे कुंड शांत असताना घेतलेला नमुना आणि शेकडो पायांनी तळ ढवळल्यावर नऊ वाजता घेतलेला नमुना यांत अनेक पटींचा फरक पडू शकतो. भाविक आंघोळ करतात ती दुसऱ्या पाण्यात. मग नमुना पहिल्या पाण्याचा का घ्यायचा?

निकाल वाचतानाही सावधगिरी हवी. पाणी तीन पातळ्यांवर विरल करून, प्रत्येकी पाच नळ्या लावून काढलेला एमपीएन (जिवाणूंची सर्वाधिक संभाव्य संख्या) हा अंदाज असतो. त्याची खरी किंमत ढोबळमानाने एक तृतीयांश ते तिप्पट यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणून एका नमुन्यात ४०० आले की ‘पास’ आणि ६०० आले की ‘नापास’ हा निवाडा पोकळ आहे. किमान पाच नमुने घेऊन त्यांची भूमितीय सरासरी (पाच आकड्यांच्या गुणाकाराचे पाचवे मूळ) काढावी. साधी सरासरी काढली तर एकच मोठा आकडा बाकीचे चार गिळून टाकतो. अहवालात ‘१६०० पेक्षा जास्त’ असे लिहिलेले असेल, तर पाणी पुरेसे विरल न करता नळ्या लावल्या होत्या असे समजावे. त्या वाक्यामागे २००० असतील की दोन लाख, हे कोणीच सांगू शकत नाही. शहरातून जाणाऱ्या नदीसाठी दहा हजारपट, कधी लाखपट विरल करून नळ्या लावाव्या लागतात. (बाजारात मिळणारी, पाण्यात मैल्याचा अंश असला की काळी पडणारी एचटूएसची बाटली पिण्याच्या विहिरीसाठी उपयोगी आहे. नदीवर ती जवळजवळ नेहमीच काळी पडते, त्यातून काही कळत नाही.)

आता त्या एका आकड्याबद्दल, ज्यावर बातम्यांचे मथळे होतात: जल गुणवत्ता निर्देशांक. तो चार घटकांच्या भारित बेरजेतून काढतात. ऑक्सिजनला ०.३१, मलजन्य कोलिफॉर्मला ०.२८, सामूला ०.२२ आणि बीओडीला ०.१९ असा भार आहे. समजा ऑक्सिजन संपृक्ततेच्या (पाण्यात मावेल तेवढ्याच्या) ९० टक्के, सामू ७.५, बीओडी ३ आणि कोलिफॉर्म १०,००० आहेत. सूत्रात घातले की निर्देशांक ६६ च्या आसपास येतो आणि ६३ च्या वर म्हणजे ‘चांगले ते उत्तम’. स्नानाच्या कमाल मर्यादेच्या चौपट जिवाणू असूनही! नदीचा सामू बहुतेक वेळा ठीकच असतो. त्याचे गुण फुकट मिळतात आणि जंतूंचे अपयश झाकले जाते. वर्षानुवर्षांचा कल पाहायला निर्देशांक ठीक आहे, पण त्यावरून आज रामकुंडात उतरावे की नाही हे ठरवू नये. स्नानासाठी पाचही निकष स्वतंत्रपणे पार व्हायला हवेत. एकात नापास म्हणजे नापास.

माशांच्या बाजूला घड्याळ आणखी महत्त्वाचे आहे. पाण्यातली शेवाळे दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री खातात. मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेल्या संथ पाण्यात दुपारी तीनला ऑक्सिजन १० च्या पुढे दिसतो आणि त्याच जागी पहाटे पाचला २ च्या खाली जातो. नमुने गोळा करणारी गाडी साधारण दहा ते चारच्या दरम्यान फिरते, म्हणजे माशांच्या दृष्टीने सर्वात सुखाच्या वेळी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन साधारण ७.७ मिलिग्रॅमच मावतो, ३० अंशांना ७ च्या आसपास. एप्रिलच्या दुपारी अहवालात ११ दिसले तर ते शाबासकीचे नव्हे, शेवाळ माजल्याचे लक्षण आहे. त्या रात्री तिथे काय होते ते जाऊन मोजावे. पानवेलीखाली (जलपर्णीखाली) उलटे होते. पाने ऊन अडवतात, हवेचा संपर्क तोडतात आणि खाली कुजणारा पाला उरलेला ऑक्सिजन संपवतो, त्यामुळे तिथे दुपारीसुद्धा आकडा खालीच राहतो. नमुना पानवेलीच्या मोकळ्या फटीतून घेतला की पानांच्या खालून, हे नोंदवल्याशिवाय तुलना करता येत नाही.

ऑक्सिजन मोजायला मीटर नसेल तरी अडत नाही. ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न येऊ देता भरावी. तळाशी प्रत्येकी २ मिलिलिटर मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडून बूच लावावे आणि बाटली उलटीपालटी करावी. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. एवढे घाटावरच कळते. मग २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवला की नमुना काही तास टिकतो आणि टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून करायचे मापन) नंतर करता येते. आम्ल आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच. साधी बाटली भरून प्रयोगशाळेत नेऊन ऑक्सिजन मोजणे मात्र निरर्थक, वाटेतच तो बदलतो.

अमोनियाचे चक्र नेमके उलटे फिरते. प्रयोगशाळा बहुधा एकूण अमोनिया मोजते. विषारी असतो तो त्यातला मुक्त भाग आणि तो सामू व तापमानावर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असताना मुक्त भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, ८ ला पाच टक्क्यांहून अधिक, ८.५ ला पंधरा टक्के आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. दुपारी शेवाळे कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, सामू चढतो आणि तोच एकूण अमोनिया कितीतरी पट घातक होतो. म्हणजे मासा पहाटे गुदमरतो आणि दुपारी विष सोसतो. एकच फेरी करणाऱ्याला यातले एकच संकट दिसते. म्हणून फेऱ्या दोन हव्यात, पहाटे ऑक्सिजनसाठी आणि दुपारी अमोनियासाठी, आणि अमोनियाच्या आकड्याशेजारी त्याच क्षणाचा सामू व तापमान लिहिलेले हवे.

स्नान आणि मासे यांचे हित एका ठिकाणी थेट टकरावते, ते क्लोरीनमध्ये. पर्वणीआधी कुंडात क्लोरीन टाकले की कोलिफॉर्मचा आकडा झटकन उतरतो. पण गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घातलेली दीर्घकाळाची मर्यादा लिटरला ०.०११ मिलिग्रॅम आहे. नळाच्या पाण्यात आपण किमान ०.२ ठेवतो, म्हणजे त्याच्या अठरापट. मैल्यातल्या अमोनियाशी मिळून होणारी क्लोरामाइन तर प्रवाहात बराच काळ टिकतात. खाली जलचर आहेत आणि त्याखाली नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेव्हा कुंडावर जंतुनाशक वापरायचेच असेल, तर तपोवनापर्यंत उरलेले क्लोरीन मोजून जाहीर करावे. खरा उपाय वरच्या अंगाचे नाले अडवणे हाच आहे, आणि त्याला क्लोरीनचा पर्याय नाही.

बाटलीतला नमुना त्या क्षणाचा, पण दगडाखालचे किडे गेल्या कित्येक आठवड्यांचे सांगतात. गुडघाभर वाहत्या पाण्यात पायाने दगड हलवून खालच्या बाजूला बारीक जाळी धरली की पुरेसे. शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेल्या मेफ्लायच्या अळ्या आणि खड्यांचे घरटे बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर पाणी सतत बरे आहे. नुसत्या लाल कायरोनोमस अळ्या (डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या) आणि ट्युबिफेक्स (बारीक लाल गांडुळासारखे किडे) मिळाले तर तिथे ऑक्सिजन वारंवार संपतो. ती लाली हिमोग्लोबिनची असते. केंद्रीय मंडळाची जैविक वर्गवारीही अशाच जीवांच्या गुणांवर चालते. रामकुंड ते गाडगे महाराज पूल या भागात मात्र ही चाचणी करून पाण्याला दोष देऊ नये. सिमेंटच्या तळात किड्यांना राहायला जागाच नाही, स्वच्छ पाण्यातही तिथे नापासच येईल. तिथल्या निकालाचा अर्थ ‘तळ मेला आहे’ असा घ्यावा लागेल.

आणि औद्योगिक वसाहतीच्या खालच्या नाल्यांत, विशेषतः जिथे प्लेटिंगची (धातूचा मुलामा देण्याची) कामे चालतात, ‘डी’ वर्गाचे निकष अपुरे पडतात, कारण त्यात धातूच नाहीत. क्रोमियम, निकेल, जस्त वाहत्या पाण्यात एखाद्या वेळी सापडतात, गाळात साठून राहतात. या वसाहतींकडून येऊन गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी नदीचा गाळ वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, तपासला तर वादच मिटेल.

मागणी अशी आहे. सोमेश्वर, आनंदवली, रामकुंड, तपोवन, टाकळीचा संगम, दसक आणि सायखेडा या सात ठिकाणी नमुने घ्यावेत. पावसाळ्यानंतर ते मेपर्यंत दर आठवड्याला, गंगापूर धरणातून आवर्तन (ठरावीक दिवस सोडलेले पाणी) चालू असताना वेगळे आणि बंद असताना वेगळे. आवर्तनात नदी स्वच्छ दिसते, कारण मैला तेवढाच असतो आणि पाणी वाढलेले असते. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर साधारण तीन दिवस, जोवर नाल्यांतली साठलेली घाण वाहून जात नाही तोवर, पाण्यात उतरू नये अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून द्यावी.

पूर किती आला हे नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते पाहून सांगतो, कोणी अहवाल वाचत नाही. पाण्याच्या गुणवत्तेसाठीही त्याच मारुतीशेजारी फलक हवा. त्यावर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, मलजन्य कोलिफॉर्म व स्ट्रेप्टोकोकाय यांची गेल्या पाच नमुन्यांची भूमितीय सरासरी, पहाटेचा ऑक्सिजन, बीओडी आणि त्या वेळी धरणातून सुटलेले पाणी किती क्युसेक होते, एवढे लिहावे. कोलिफॉर्म २५०० च्या वर असेल त्या दिवशी लाल पट्टी. जिवाणूंचा निकाल यायला किमान एक दिवस लागतो, म्हणून फलकावरचा आकडा कालपरवाचा असेल. तसे फलकावरच मोठ्या अक्षरात लिहावे.

आपले,
पाणी तपासणीच्या कामातले काही नाशिककर