गाडी आमची, पेट्रोल आमचं. हातभार तुमचा हवा

सातारा आणि आसपासच्या तालुक्यांतले रहिवासी, माजी सैनिक, दुचाकीस्वार आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेले सातारकर, सगळ्यांना मंडळाचा नमस्कार.

7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि 16 डिसेंबर हा विजय दिवस. या दोन्हींच्या मधल्या रविवारी आम्ही जिल्ह्यातल्या वीरगती मिळालेल्या सैनिकांच्या घरी मोटारसायकलवरून जाणार आहोत. 16 तारखेला कराडात विजय दिवसाचा मोठा सोहळा असतो, तिकडे गर्दी व्हायलाच हवी. आम्हाला मात्र गर्दी जात नाही तिथं जायचं आहे, म्हणून आधीचा रविवार धरला.

आपल्या जिल्ह्याला फौजेचं नवं कौतुक नाही. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच पलटण आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण कामी आले. कर्नल संतोष महाडिक पोगरवाडीचे. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं आणि 2017 साली त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंब्याचे. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि त्या गावांना लोक जातात.

आमची यादी वेगळी आहे. 1962, 1965, 1971. सियाचिन. श्रीलंकेत गेलेली शांतिसेना. पार्थिव विमानानं आणून गावात मानवंदना देण्याची पद्धत रूढ झाली ती 1999 च्या कारगिलपासून. त्याआधी बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच होत. घरी तार यायची, मागून सामान यायचं, संपलं. म्हणजे या घरांना ना अंत्ययात्रा मिळाली, ना दुतर्फा फुलं घेऊन उभी माणसं. 1962 ते 1971 च्या युद्धांच्या वेळी विशीत असलेल्या बायका आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. काही गावांत तर शाळेपुढच्या शिळेवर कुणाचं नाव आहे हे शाळेतल्या मुलांनाही सांगता येत नाही, कारण रंगाचे थर चढून अक्षरंच बुजली आहेत.

हे आमच्या लक्षात यायला लांबचा फेरा पडला. मंडळातले बरेच जण लेहला जाऊन आलेत. झोजिलाची खिंड चढताना जो तो आपल्या गाडीच्या गिअरचं आणि धापेचं बघत असतो. पण ती मुळात खेचरांची वाट होती. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीनं, ती रुंद केली आणि 1 नोव्हेंबर 1948 ला त्यावरून आपले रणगाडे वर चढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत पुढे सरकणारे राम राघोबा राणे कारवारकडचे, पलटण बॉम्बे सॅपर्स, म्हणजे आपल्या खडकीची. त्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत. पुढं द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी कारगिलचं स्मारक आहे. तिथं थांबून सगळे नावं वाचतात, आम्हीही वाचली. परत आल्यावर चहाच्या टपरीवर एकानं सहज विचारलं, आपल्या गावच्या शिळेवर कुणाकुणाची नावं आहेत रे? कुणालाच सांगता आलं नाही. या राईडची सुरुवात तिथून झाली.

बाईकवाल्याला एक गोष्ट फुकट मिळालेली असते, ती म्हणजे मोकळीक. मनात आलं की गाडी काढावी, कासला जावं, ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत जावं, कुणाला विचारायचं नाही, एसटीची वाट बघायची नाही. सैनिकांनी बलिदान दिलं म्हणून आपण मोकळे फिरतो, असं भाषण दर 15 ऑगस्टला होतंच, ते आम्ही पुन्हा करत नाही. आम्हाला दिसलं ते साधं आहे. पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या वाडीत राहणाऱ्या वीरपत्नीला नेमकी हीच मोकळीक नाही. एसटी दिवसातून एखादी, तीही पावसाळ्यात भरवशाची नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी जायचं तर अख्खा दिवस जातो आणि सोबत कुणीतरी लागतं.

त्यातच फौजेची पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेली आहे. वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते आणि ती राहिली की पैसे थांबतात. आयुष्यभर शेतात राबलेल्या हाताचा ठसा मशीन घेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून नोंद करायची सोय आहे, पण ती करून द्यायला घरात तरुण माणूस हवा, वाडीत रेंज हवी. म्हणून या वर्षी फुलांचा हार घेऊन जाण्याआधी आम्ही हे काम हातात घ्यायचं ठरवलं आहे. प्रत्येक गटात एक जण चांगला फोन आणि कागदपत्रांची माहिती घेऊन जाईल. जिथं नोंद अडकली असेल तिथलं नाव-गाव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत पोचवू आणि पुढच्या आठवड्यात लागेल तर आजींना मागच्या सीटवर, नाहीतर कुणाच्या चारचाकीत बसवून तिथं घेऊन जाऊ.

आता तुमच्याकडं काय मागायचं ते.

पहिल्यांदा पैसे नकोत, माणसं हवीत. पेन्शनचे कागद कोळून प्यालेले निवृत्त सुभेदार, हवालदार क्लार्क, बँकेतले निवृत्त कर्मचारी यांनी एक रविवार द्यावा. गाडी चालवायची गरज नाही, मागं बसा. आमचा अनुभव असा की फौजी माणूस दारात आला की घरातलं बोलणं वेगळं होतं. आमच्या विशीतल्या पोराला जे सांगत नाहीत ते त्याला सांगतात. तसेच दोन मेकॅनिक आणि पंक्चरचं सामान नेणारा एक पिकअप हवा. घाटातल्या वाडीत चेन तुटली की सगळा ताफा तिथंच अडकतो.

माहितीही हवी. तुमच्या भावकीत, आजोळी, सासरी असं एखादं घर असेल तर कळवा. पलटणीचं नाव, साल, जुना फोटो, पत्र, जे असेल ते. फोटो आम्ही नीट करून, मोठा करून, चौकट लावून परत देऊ. मूळ प्रत तिथंच स्कॅन करू, घराबाहेर नेणार नाही.

आणि पैसे. ते लागतात शिळांसाठी: रंग काढून अक्षरं नव्यानं कोरणं, खचलेला चौथरा सांधणं, जमलं तर वर एक दिवा. काम ग्रामपंचायतीच्या परवानगीनं आणि गावातल्याच गवंड्याकडून होईल. पेट्रोल, जेवण, टीशर्ट यांवर देणगीतला एक रुपयाही जाणार नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. 100 रुपयेही चालतील. पावती घेतल्याशिवाय देऊ नका आणि रस्त्यात डबा फिरवणारा कुणी आमचं नाव सांगत असेल तर त्याला अजिबात देऊ नका. शासनाचा ध्वजदिन निधी हा वेगळा विषय आहे. 1949 पासून तो 7 डिसेंबरला गोळा होतो आणि सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. खिशात एकालाच देण्याइतके असतील तर तिकडं द्या, आम्हाला राग नाही.

येणाऱ्या रायडरांना थोडं स्पष्ट सांगतो, कारण मागं यावरून कुरबुर झाली आहे. सायलेन्सर कंपनीचाच हवा. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या माजी सैनिकांनी 1988 पासून वॉशिंग्टनमध्ये हजारो मोटारसायकली गरजवल्या. बेपत्ता आणि कैदेतल्या साथीदारांबद्दल सरकारच्या कानावर घालायचं होतं, तिथं आवाजाला अर्थ होता. आपण कुणाच्या तरी अंगणात जातोय. वाडीच्या वेशीवर इंजिन बंद करून पुढं चालत जायचं. हेल्मेट दोघांनाही, मागच्यालासुद्धा. तिरंगा गाडीला बांधायचा नाही. ध्वजसंहितेनुसार वाहनावर ध्वज लावण्याचा मान ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे, हौस म्हणून तो लावता येत नाही. पुढाऱ्याचा फोटो, फ्लेक्स, डीजे नाही. न विचारता रील काढायची नाही. कुणाचं पासबुक, आधार कार्ड सोबत आणायचं नाही आणि ओटीपी तर मुळीच विचारायचा नाही.

गाडी कुठलीही चालेल. बुलेटच हवी असा काही नियम नाही. स्प्लेंडरवाले घाटात आमच्या आधी पोचतात हा दरवेळचा अनुभव आहे. ताफ्यात एक-दोन बजाज व्ही आहेत. 1971 च्या युद्धातल्या विक्रांत जहाजाच्या भंगारातला धातू या गाडीत वापरला आहे. जुने नौदलवाले दिसले की ती गाडी त्यांच्याकडे न्या, ते टाकीवर हात ठेवून बराच वेळ बोलत राहतात. घाई करू नका.

नावनोंदणी आणि देणगी मंडळाच्या कार्यालयात, रोज संध्याकाळी 7 नंतर. रायडरांनी लायसन्स आणि विम्याची प्रत आणावी. घरांची माहिती 20 नोव्हेंबरपर्यंत मिळाली तर आधी एकदा जाऊन त्यांना विचारून येता येईल. ज्या घरानं नको म्हटलं तिथं आम्ही जाणार नाही. निघायचं सकाळी 6 ला, पोवई नाक्यावरून. कोणत्या शिळेला किती खर्च झाला त्याचा हिशेब जानेवारीत कार्यालयाच्या फलकावर लागेल, येऊन तपासा.

आपले,
मंडळाचे सर्व रायडर