लाल ठिपके म्हणजे धूर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वणव्यांचे दिवस आले की वर्तमानपत्रांत उपग्रहचित्रे झळकतात. त्यांवर लाल ठिपक्यांचा सडा असतो आणि खाली ओळ असते, ‘सारा प्रदेश धुराने वेढला’. ते ठिपके धूर दाखवतच नाहीत. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खूप गरम असलेली जागा, एवढाच त्यांचा अर्थ. असे ठिपके टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर सुमारे ३७५ मीटरचा. त्याचा एखादा कोपरा पेटला असला तरी सबंध चौकोन लाल होतो. शिवाय नकाशा लहान केला तरी ठिपका तेवढाच राहतो, म्हणून मुलूखच्या मुलूख जळतो आहे असे वाटते. तेलविहिरींवर जाळला जाणारा वायूही ठिपका होऊन उमटतो. उलट दाट ढगाखालची आग सुटते. हे उपकरण वाहणारे उपग्रह स्थानिक वेळेनुसार दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी लागून मध्यरात्रीपूर्वी विझलेली आग त्यांच्या हिशेबात येतच नाही.

धूर पाहायचा तर नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ संकेतस्थळावर नैसर्गिक रंगांचे चित्र उघडावे आणि ठिपक्यांचा थर त्यावर चढवावा. लोट ठिपक्यापाशी निमुळता सुरू होतो आणि वाऱ्याबरोबर पसरत जातो. रंग निळसर राखाडी, कडा विरलेल्या. ढग पांढराशुभ्र असतो, त्याची कड ठसठशीत असते आणि बऱ्याचदा त्याची सावली जमिनीवर पडलेली दिसते. धूळ पिवळट तपकिरी. कोरड्या तळ्यांतून आणि नदीपात्रांतून ती उठते तेव्हा एकमेकांना समांतर असे अनेक पट्टे दिसतात.

समुद्रावर धूळ लगेच ओळखू येते, वाळवंटावर मात्र वाळूच्या रंगात मिसळून जाते. तिथे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारी, चित्रे लागतात. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान. ११ मायक्रॉनच्या आसपास तरंगलांबी असलेले अवरक्त किरण त्यांतून जवळजवळ विनाअडथळा जातात, म्हणून रात्रीच्या अवरक्त चित्रात धूर दिसत नाही. ‘रात्री धूर निवळला’ अशी बातमी नेमकी इथूनच जन्मते! धुळीचे कण मोठे आणि सिलिकेटयुक्त असतात. ते १२ मायक्रॉनपेक्षा ११ मायक्रॉनचे किरण अधिक शोषतात. त्यामुळे ११ च्या पट्ट्यातल्या तापमानातून १२ चे वजा केले की धुळीवर उत्तर ऋण येते, उंचावरच्या पातळ हिमकणांच्या ढगांवर धन. हवा दमट असली तर बाष्प उत्तराला धन बाजूला ओढते आणि विरळ धूळ हरवते. जमिनीलगतची धूळही फसवते, कारण तिच्या आणि जमिनीच्या तापमानात फारसा फरक नसतो.

पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणारे भूस्थिर उपग्रह, त्यांतले बरेचसे दर दहा मिनिटांनी, चित्र देतात, पण तिथे सूर्याचा कोन घोटाळा करतो. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. त्यामुळे तोच धूर सकाळी आणि मावळतीला दाट दिसतो, भर दुपारी फिका. सायंकाळच्या चित्रावरून आग भडकल्याचा निष्कर्ष काढू नये. काल त्याच वेळी घेतलेल्या चित्राशी ताडून पाहावे.

सर्वांत मोठी चूक उंचीची. उपग्रह हवेचा उभा स्तंभ एकत्र पाहतो. त्यातला धूर कोणत्या उंचीवर आहे हे अशा चित्रातून कळत नाही. जून २०२३ मध्ये क्वेबेकच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कमध्ये थेट रस्त्यावर उतरला आणि आकाश नारिंगी झाले. पण तितकाच ठळक लोट कित्येकदा काही किलोमीटर उंचावरून निघून जातो. खाली सूर्य तेवढा तांबूस दिसतो. श्वासातल्या हवेसाठी जमिनीवरच्या मापकातला पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडाच पाहावा लागतो.

तेव्हा विनंती अशी, की चित्राखाली उपग्रहाचे नाव, घेतल्याची वेळ (स्थानिक की जागतिक प्रमाणवेळ, तेही) आणि रंग खरे की कृत्रिम, एवढे छापावे. धुळीच्या कृत्रिम रंगचित्रांत धूळ भडक गुलाबी दाखवतात. खुलाशाविना ते छापले तर वाचक त्यालाच आगीचा लोळ समजणार.

आपला,
एक वाचक