आधी कुणाचं दार वाजवायचं

आदरणीय डॉ. विद्या अरणकल्ले मॅडम,

सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होतो, आता निवृत्त आहे. काविळीच्या विषाणूंवरच्या तुमच्या एका शोधनिबंधाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

1996 च्या पावसाळ्यात आमच्या केंद्राखालच्या एका गावात कावीळ सुरू झाली. नळाची लाइन गटाराला खेटून गेलेली, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर घाण. पाणी दिवसातून तासभर यायचं आणि बंद झालं की रिकामा पाइप तीच घाण आत ओढायचा. आम्ही टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायला ओटी टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, म्हणजे आम्ही खूश. त्याच आठवड्यात कावीळ उतरवणारे एक बाबा गावात येऊन बसले. रोग्याच्या हाताला काहीतरी चोळून हात धुवायचे, आणि परातीतलं पाणी पिवळंधमक! तिकडे रांग, आणि माझी नळी बघायला कुत्रं येत नव्हतं.

सरपंचांनी मला चारचौघांत विचारलं, "भाऊसाहेब, पोरंसोरं तेच पाणी पितात, ती टुणटुणीत. पडलेत ते सगळे बाप्ये नि सुना. मग पाण्याचा दोष कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी ती झेरॉक्स हातात ठेवली. 'जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस', 1995. पुण्यातल्या लोकांची 1982 ची आणि 1992 ची रक्तं तपासून कुठल्या वयात कुणाला 'ए' आणि कुणाला 'ई' (हिपॅटायटिस ए आणि ई, दोन्ही पाण्यातून पसरणाऱ्या काविळी) होऊन गेली होती ते तुम्ही आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं. डिक्शनरी घेऊन दोन रात्री बसलो. 'ए' बहुतेकांना लहानपणीच गाठते. 'ई'च्या खुणा पोरांत तुरळक, तरुणपणी एकदम वाढलेल्या. म्हणजे आमचं गाव जगावेगळं वागत नव्हतं, पुण्यातही हेच चाललं होतं. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी समजावली: लागण झाल्यावर डोळे पिवळे व्हायला पाच-सहा आठवडे जातात. माझी नळी आजचं पाणी सांगत होती, आजार महिन्यापूर्वीच्या पाण्याचा होता.

सरपंचांना हे पटलं की नाही, देव जाणे. मला मात्र आधी कुणाचं दार वाजवायचं ते कळलं. 'ई'मध्ये शेवटच्या तीन महिन्यांतली बाई दगावण्याचं प्रमाण शेकडा 20 ते 25 पर्यंत जातं. सिस्टरांच्या रजिस्टरातून गरोदर बायकांची यादी काढली. ज्यांचं माहेर दुसऱ्या पाण्यावर होतं त्यांना तिकडे धाडलं, बाकीच्यांच्या चुलीवर पाण्याला उकळी फुटेपर्यंत समोर बसून राहिलो. सासवांनी सरपणाचा हिशेब ऐकवला, तो ऐकला.

एकीच्या घरी उशिरा पोचलो. सातवा महिना, गळ्यात काविळीची माळ. चौथ्या दिवशी ती बरळायला लागली. पुढचं लिहीत नाही.

निवृत्तीनंतर भाच्याच्या मदतीनं तुमचं बाकीचं काम शोधून वाचलं, कळेल तेवढं. काश्मीरच्या 1978 च्या साथीवर डॉ. खुरू यांनी लिहिलं, गरोदर बायकांचा धोकाही तिथेच ठळक झाला. दिल्लीच्या 1955-56 च्या साथीत तर 29,000 लोक पिवळे पडले होते. पण आमच्या मुलखातलं, कोल्हापूर-पुण्याचं, एनआयव्हीतलं (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतलं) काम वाचताना घरचं वाटलं. 1988 सालचा 'लॅन्सेट'मधला विषाणूसारख्या कणांवरचा निबंध, नंतर डुकरांतला विषाणू माणसातल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा निघाला ते (डुकरांवर आळ घेऊन आम्ही एकदा अख्खी वस्ती दुखावली होती, ते आठवून मान खाली गेली).

सगळ्यांत आवडला तो 1994 चा. साथींमागून साथी 'ई'च्या निघाल्या, पण अंदमानची एक साथ कशातच बसेना. ती 'ई'च्या खात्यात ढकलून मोकळं होता आलं असतं. तुम्ही चक्क मथळ्यातच लिहिलंत की तिसरंच काहीतरी असावं. आमच्या मासिक अहवालात असा रकाना कधी नव्हता.

आणि 1982 ची ती रक्तं कुणीतरी नीट लेबल लावून दहा वर्षं सांभाळली, त्यांनाही माझा नमस्कार पोचवा. आमच्या केंद्रातल्या फ्रिजचं दार चिंधीनं बांधलेलं असायचं, म्हणून मला त्याचं मोल कळतं.

झेरॉक्सची शाई आता उडत चालली आहे. परवा नवी प्रत काढून केंद्रातल्या सध्याच्या सिस्टरांना दिली. समासात पेन्सिलीनं खरडलेले माझे मराठी अर्थही तिच्यात उमटलेत. दोनतीन चुकलेत, पण त्यांना इंग्रजी माझ्याहून बरं येतं.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक