निळ्या अंगठ्याचे आभार

मेजर,

सप्रेम नमस्कार. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "राहू दे गं पोरी, चहा टाक" म्हणून विषय मोडून टाकता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. तुमचं नाव लिहीत नाही. सातारा जिल्ह्यात फौजेतून सुटून आलेला प्रत्येक जण गावाचा मेजरच असतो, मग तो हवालदार म्हणून का सुटला असेना. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आईचा उजवा हात गेला त्याला आता पाच महिने होतील. अर्धांगवायूचा झटका, बोलणंही गेलं, आता कुठं एखादा शब्द येतो. पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होत होती आणि इकडं फिजिओथेरपीवाला उधारीवर येत होता, कारण बँकेतून पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळत नव्हती. जुळणार कशी? "मग नवीन नमुना सही करून आणा," असं सांगण्यात आलं. हात हलत नाही म्हटल्यावर, "कोर्टातून आणा काहीतरी." काहीतरी! एकदा "पेशंटला समक्ष आणा" म्हणाले, तेव्हा आईला खुर्चीत बसवून दोन पोरांनी पहिल्या मजल्यावरच्या शाखेत चढवलं. त्या दिवशी सर्व्हर डाउन होता. आमचे एक नातलग तालुक्याच्या राजकारणात वजन राखून आहेत. "मॅनेजरला फोन लावतो," असं ते तीनदा म्हणाले. तो फोन बहुतेक अजून लागतोय.

नियम माहीत नसतो माणसाला, ते मी समजू शकते. पण चार खेपांत एकानंही मान वर करून आईकडं पाहिलं नाही. जो तो कॉम्प्युटरवरच्या जुन्या सहीकडं बघत होता.

तुमच्या कानावर हे कुणी घातलं, ते मला अजून कळलेलं नाही. एक दिवस अकराच्या सुमाराला तुम्ही दारात उभे. हातात गुलाबी पाण्याची बाटली. नातीला शाळेत सोडलं, दप्तर दिलं, फाटकाशी रोजचा सॅल्यूटही झाला आणि बाटली तुमच्याच हातात राहिली. "आधी ही पोचवतो, मग बाईंचं बघतो," एवढंच बोलून निघून गेलात. आम्ही एकमेकींकडं बघतच राहिलो.

शाखेत तुम्ही काय बोललात ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. दुपारी तीनला एक तरुण अधिकारी तुमच्यासोबत आमच्या घरी आला, बगलेत स्टॅम्प पॅड घेऊन. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा जमत नसेल तर पायाचा अंगठाही चालतो. आणि सत्तरीपुढच्या माणसाला जिना चढायला लावायचंच नाही, बँकेनं घरी यायचं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय. बँकेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाला हे तोंडपाठ!

पण मेजर, आभार मानायचेत ते या नियमांसाठी नाहीत.

त्या पोरानं पॅड उघडलं आणि आईनं डाव्या हाताची मूठ आवळली. गच्च. मी समजावलं, ताईनं समजावलं, तो बिचारा अधिकारीही "आजी, एक मिनिटाचं काम आहे" म्हणाला. मूठ सुटेना. आम्हाला वाटलं घाबरली. मला, तिच्या पोटच्या पोरीला, कळलं नाही. तुम्हाला कळलं.

चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेली बाई ती. तुमचा थोरलाही तिच्याच हाताखाली ग म भ न शिकला. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा रात्री कंदील घेऊन वस्तीवर जायची आणि बायकांना म्हणायची, "अंगठा पुसा, नाव लिहा." अंगठेबहाद्दर हा शब्द कुणी तोंडातून काढला तर चिडायची. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर, चार माणसांसमोर तिच्यापुढं शाईचं पॅड धरलेलं.

तुम्ही स्टूल ओढलंत, तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बसलात. अधिकाऱ्याला हातानंच थांब म्हणालात. आणि बोलायला लागलात ते तुमच्या आईबद्दल. फौजेत असताना तुम्ही घरी मनीऑर्डर करायचात. पैसे पोचले की पोचपावती उलट टपालानं ५६ एपीओला, म्हणजे तुमच्या फौजी टपालाच्या पत्त्यावर यायची, तिच्यावर तुमच्या आईचा अंगठा. तिला लिहिता येत नव्हतं, शेजारपाजारच्यांकडून पत्र लिहून घ्यायला ती लाजायची. "बाई, पंधरा वर्षं मला घरची खुशाली अंगठ्यानंच कळली. अंगठा ठसठशीत असला की म्हातारी धडधाकट. एकदा फिका आला, फरफटलेला. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. घरी आलो तर ती अंथरुणाला खिळलेली."

मग तुम्ही स्वतःचा अंगठा पॅडवर दाबलात आणि स्लिपच्या कोऱ्या पाठीवर उमटवलात. त्याच्याकडं निरखून बघत म्हणालात, "माझाही जरा फिकाच येतोय. वय झालं. तुमचा बघू."

मूठ सुटली, मेजर.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या भरत बसले, कितीतरी वेळ भरत बसले.

१९७१ च्या डिसेंबरात तुम्ही एकवीस वर्षांचे होतात. तीन तारखेला भडकलेली लढाई सोळाला संपली, ९३ हजार कैदी पकडले, हे आम्ही शाळेत घोकलं. तुम्हाला विचारलं की तुम्ही बेळगावच्या ट्रेनिंगमधल्या उस्तादाच्या नकला करून दाखवता आणि तेवढ्यावर भागवता. बँकेतल्या तुमच्या गोष्टी मात्र लोक सांगतात. १९८४ ला माजी सैनिकांच्या राखीव जागेवर क्लार्क म्हणून लागलात तेव्हा पितळी टोकनचा जमाना होता. काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या काउंटरला चष्मा बांधलेला असायचा, घरी विसरून आलेल्यांसाठी. कर्जाची म्हैस तपासायला गेलात की आधी तिच्या पाठीवरून हात फिरवायचात, कानातला बिल्ला नंतर. अधिकारी झालात तरी थकबाकीदाराच्या दारात स्कूटरचा हॉर्न वाजवला नाहीत, चार घरं अलीकडंच गाडी लावून चालत गेलात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं? त्या थकबाकीदाराच्या सुनेनं.

माणुसकी म्हटलं की आपल्याकडं लगेच मोठमोठ्या देणग्यांच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. मला आता स्टूल दिसतं. समोरचा खाली असेल तर आपणही खाली बसायचं, त्याला कशाची लाज वाटतेय ते न विचारता ओळखायचं, एवढं जमणारी माणसं गावात दहा असली तरी पुरे. शिकवून हे येतं का, कोण जाणे. त्या तरुण अधिकाऱ्यानं निघताना आईला वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या महिन्यात आपण होऊन फोन केला, "आजींकडं कधी येऊ?" म्हणजे येतही असेल.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आईचा अंगठा मी ओल्या फडक्यानं पुसला. तुम्हीही हात धुवा म्हटलं तर तुम्ही "शाळा सुटायची वेळ झाली" म्हणून तसेच निघालात. दुसऱ्या दिवशी नात एक कागद घेऊन आली. "आबांच्या बोटाला शाई होती, म्हणून मी छापून घेतलं." निळ्या ठशाला तिनं चोच, दोन पाय आणि शेपूट काढून चिमणी केली होती. शेजारी जागा मोकळी. ती आईला म्हणाली, "इथं तुमची काढायचीय." आईनं स्वतःहून अंगठा पुढं केला. पॅड नव्हतं, मग वॉटरकलर लावला.

दोन चिमण्यांचा तो कागद आईच्या उशाशी चिकटवलाय. तुमची नात आता शनिवारी शाळा सुटली की इकडं येते. दुरेघी वही तिनंच आणली. आई डाव्या हातानं गिरवते आणि ही समोर मांडी घालून लाल पेननं तपासते. परवा आईनं पाऊण पानभर 'ग' काढले, निम्म्यांचा काना पडलेला. खाली शेरा मिळाला : "प्रगती आहे. अक्षर सुधारा."

आई हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा, आवाज करून.

शनिवारी नातीला न्यायला याल तेव्हा पाच मिनिटं बसा. चहा टाकते.

तुमच्या बाईंची धाकटी